व्हीलचेअरवर बसून आईला भाजी लावता येईल असा उंच वाफा कसा करायचा?

कराडची_लेक

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते म्हणजे तुम्हाला सांगायला सोपं जाईल.

माहेर कराडजवळच्या गावात, घराच्या मागे परसू आहे, चांगली मोकळी जागा, दुपारपर्यंत ऊन, माती काळी. आई ६७ वर्षांची. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी तिला पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू गेली. फिजिओने बरीच सुधारणा आहे, घरातल्या घरात वॉकर धरून चालते, पण अंगणात व्हीलचेअरच लागते. डावा हात खांद्यातून थोडा उचलला जातो पण बोटांत पकड नाही. उजवा हात एकदम ठणठणीत.

आमच्याकडे मेथी, कोथिंबीर, घेवडा, वांगी कधी बाजारातून यायचीच नाहीत, सगळं तिने स्वतः लावलेलं. आता ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारात खुर्चीत बसून वहिनीला सांगते इथलं तण काढ, तिथे पाणी कमी पडलंय. वहिनी करते बिचारी, पण परवा आई मला सरळ म्हणाली की मला सांगत बसायचं नाहीये, मला मातीत हात घालायचाय. तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे.

भाऊ खर्च करायला तयार आहे. गवंड्याला बोलावलं तर तो म्हणाला तीन फूट उंच विटांचा हौद बांधतो, शेतातली काळी माती भरा, झालं काम. मला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते नीट सांगताही येत नाही. उंची किती ठेवायची, विटा का लोखंड, माती कुठली, खाली फरशी कसली, ज्यांनी कुणी असं केलंय त्यांनी प्लीज सांगा.

---

चाकावरचा_शेतकरी

ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. मी गेली बरीच वर्षं व्हीलचेअरवर आहे (मणक्याला मार, कमरेखाली ताकद नाही), निफाडकडे राहतो, आणि माझे सगळे वाफे खुर्चीत बसूनच चालतात. तर गवंड्याला आधी थांबवा.

भरीव भिंतीचा हौद असला की खुर्ची समोरून नेली तर आधी पायाचा फूटरेस्ट भिंतीला टेकतो. म्हणजे तुमचं पोट भिंतीपासून दीड-पावणेदोन फूट लांब. हात कसाबसा काठापर्यंत पोचतो, आत मातीत काय करणार. मग खुर्ची आडवी लावायची आणि कमरेतून वळून काम करायचं, ते पाच मिनिटं ठीक, अर्ध्या तासात पाठ धरते. आईंची तर एक बाजू अशक्त आहे, वळताना तोल त्याच बाजूला जाणार. म्हणून खुर्चीसाठी वाफा टेबलासारखा हवा, खालून मोकळा, गुडघे आत जातील असा.

आता माप. नेटवर बघाल तर गुडघ्यासाठी २७ इंच मोकळी जागा ठेवा असं लिहिलेलं असतं. ते उंच माणसं धरून. त्यावर ८ इंच मातीचा ट्रे ठेवला की वाफ्याचा काठ ३५-३६ इंचावर जातो आणि पाच फुटी बाई खुर्चीत बसली की तिचं कोपर साधारण २८-२९ इंचावर असतं. म्हणजे तिला खांदे वर करून काम करावं लागणार, दुसऱ्या दिवशी ती परत जाणारच नाही वाफ्याकडे. म्हणून पुस्तकी माप सोडा आणि आईंना त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्याच गादीवर, पायात रोजच्या चपला घालून बसवा आणि तीन मापं घ्या: जमिनीपासून मांडीचा गुडघ्याजवळचा सगळ्यात वरचा भाग किती उंच, जमिनीपासून कोपर किती उंच, आणि पुढे न वाकता उजवा हात किती लांब जातो.

पहिल्या मापात दोन इंच मिळवा, ती ट्रेच्या खालची उंची. वरचा काठ कोपराच्या आसपास, फार तर एक-दोन इंच वर. मध्ये जी जागा उरते तेवढीच तुमची माती, बऱ्याचदा ती ६ इंचच निघते. घाबरू नका, पालेभाजीला ६ इंच पुरतात. जास्त खोली हवी असेल तर ट्रेचा तळ तिरका करून घ्या, पुढे गुडघ्यावर ६ इंच आणि पाठीमागे जिथे पाय पोचत नाहीत तिथे १० इंच. माझ्या वाफ्याचा तळ असाच आहे, पुढे मेथी आणि मागच्या ओळीत मिरची.

रुंदी एकाच बाजूने हात घालायचा असेल तर दोन फुटांच्या वर नको. टेबलाच्या दोन पायांमधली जागा तीन फूट मोकळी ठेवा, पुढच्या बाजूला मधे आडवी पट्टी नको, फॅब्रिकेशनवाला मजबुतीसाठी हटकून तिथे पट्टी मारतो, त्याला ती मागे मारायला सांगा.

आणि दोन गोष्टी कुठे वाचायला मिळणार नाहीत म्हणून सांगतो. ट्रेच्या खाली भोकं पाडू नका. पाणी थेट मांडीवर गळतं. माझ्यासारख्याला मांडी ओली झालेली कळतच नाही आणि ओल्या कपड्यात बसून राहिलं की कातडी खराब होते, जखम झाली तर महिनोन् महिने भरत नाही. ट्रेला मागच्या एका कोपऱ्याकडे अर्धा इंच उतार द्या, तिथे एक इंची पीव्हीसीचा पाईप काढा आणि खाली बादली ठेवा, ते पाणी परत झाडांनाच जातं. दुसरं म्हणजे पुढच्या लोखंडी अँगलची खालची धार. तिथे सायकलची जुनी ट्यूब चिरून चढवा आणि बांधून टाका, गुडघा लागला तरी कापत नाही. आईंच्या डाव्या पायाला स्पर्श कमी जाणवत असेल तर हे दोन्ही करायलाच हवं.

---

कराडची_लेक

दादा, किती बारकाईने लिहिलंत, खूप खूप आभार. हे गळणाऱ्या पाण्याचं तर डोक्यातही आलं नसतं. डाव्या पायाला स्पर्श कमीच आहे, डॉक्टरांनी सांगितलंय.

उद्या भावाला व्हिडिओ कॉलवर घेऊन मापं घेते. ट्रे कशाचा करायचा? पत्रा गंजेल ना?

---

चाकावरचा_शेतकरी

फ्रेम दीड इंची लोखंडी अँगलची, रेडऑक्साईड (गंजरोधक रंग) मारून वर ऑइल पेंट. तळाला जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि त्याच्या खाली दर फुटाला आडवी पट्टी, नाहीतर ओल्या मातीने पत्रा पोटातून खाली येतो आणि पाणी मधे साचतं. गंजू नये म्हणून आतून शेततळ्याचा कागद, म्हणजे तळ्यात अंथरतात तो जाड प्लॅस्टिकचा, अंथरा, ५०० मायक्रॉनचा. तुमच्या भागात द्राक्ष, डाळिंबवाल्यांनी शेततळी केलेलीच असतील, कुणाकडेही उरलेला तुकडा मिळेल. कडेला वर वळवून क्लिपा मारा.

पाय थेट मातीत रोवू नका, काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वाफा डोलायला लागेल. खाली चौकोनी बेसप्लेट आणि ती फरशीवर.

दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे २०० लिटरचं निळं प्लॅस्टिकचं पिंप उभं चिरून दोन भाग करायचे आणि लोखंडी घोडीवर आडवं ठेवायचं. गोल तळ असल्यामुळे मधे खोली आणि कडेला गुडघ्याला जागा, असं दोन्ही जमतं. फक्त पिंप घेताना त्यात आधी काय होतं ते विचारून घ्या, केमिकलचं अजिबात नको, खाण्याच्या वस्तूंचं असलेलं मिळतं तेच घ्या.

---

ओटी_पुणेकर

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आजारानंतर रोजची कामं परत जमावीत म्हणून मदत करते, स्ट्रोकचे म्हणजे पॅरालिसिसच्या अटॅकचे पेशंट रोज बघते त्यामुळे राहवलं नाही. वरच्या दादांनी जे लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन, मी फक्त एका हाताने काम करणाऱ्या माणसाच्या बाजूने थोडं सांगते.

ताई, आईंचा डावा हात मांडीवर पडून राहू देऊ नका. वाफ्याच्या पुढच्या काठावर सहा इंच रुंद फळी बसवा, गुळगुळीत, कोपरे घासलेली. काम करताना डावा हात कोपरापासून त्या फळीवर ठेवायचा. खांदा लोंबकळत नाही आणि हात डोळ्यांसमोर राहतो, स्ट्रोकनंतर अशक्त बाजूकडे लक्ष न जाणं हा मोठा प्रश्न असतो, त्यामुळे तो हात दिसत राहणं महत्त्वाचं. कुंडी किंवा रोपांचा ट्रे धरून ठेवायला तोच हात वजन म्हणून वापरता येतो. आणि मदत करताना घरच्यांनी तो हात ओढून मातीत घालायचा नाही, खांदा निखळतो.

अवजारं. खुरप्याची मूठ जाड करा, वर कापड गुंडाळून त्यावर सायकलची ट्यूब ताणून बसवली की ओल्या हातातूनही निसटत नाही. कात्री स्प्रिंगवाली, आपोआप उघडणारी. बी पेरायला मसाल्याची भोकांची डबी, राजगिरा किंवा माठाचं बारीक बी वाळूत मिसळून भुरभुरवायचं, एका हाताने मस्त होतं. खुरपं, कात्री, डबी हे सगळं उजव्या बाजूला हुकांना दोरीने बांधून ठेवा, कारण खाली पडलेली वस्तू उचलायला वाकणं हीच खुर्चीतून पडण्याची सगळ्यात धोकादायक वेळ असते.

नळाला गोल फिरवायची चावी नको. बॉल व्हॉल्व्ह लावा ज्याला दांडी असते, एका बोटाने उघडतो, बंद होतो. तो वाफ्याच्या उजव्या कडेला, हाताशी.

खुर्ची लावली की दोन्ही ब्रेक, हे आईंना स्वतःच्या सवयीने करू दे. डाव्या ब्रेकची दांडी एखाद्या पाईपच्या तुकड्याने लांब केली तर उजव्या हाताने ओढता येते.

सुरुवातीला सकाळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उन्हात चक्कर येऊ शकते, वर हिरवी शेडनेट ५० टक्केवाली, आणि पाण्याची बाटली जवळ. हातमोजा उजव्या हातात नको म्हणतील त्या, मातीचा स्पर्श हवाच असतो, हरकत नाही, फक्त डाव्या हाताला घाला कारण काटा टोचला तरी कळणार नाही.

एक मनापासून सांगते. घरात सगळे प्रेमाने करतात पण होतं काय की भोक वहिनीने पाडायचं, रोप भावाने ठेवायचं, आईंनी फक्त वरून माती सारायची. असं नको. एक वाफा पूर्ण त्यांचा, काय लावायचं तेही त्याच ठरवणार, वाकडी ओळ आली तरी ती तशीच राहणार. माझ्या कामात मी हेच बघितलंय की माणूस टिकून राहतो तो स्वतःच्या कामामुळे.

---

जांभ्याचं_घर

रत्नागिरीहून. आमची आजी व्हीलचेअरवर नाही पण दोन्ही गुडघे गेलेत, उकिडवं बसता येत नाही आणि फार वेळ उभंही राहवत नाही. अशा कुणासाठी हा धागा वाचणारे असतील तर आमच्याकडचं सांगतो, वेगळा प्रकार आहे.

आम्ही जांभ्या चिऱ्याचे वाफे केले, चिरा साधारण सात इंच उंच असतो, तीन थर लावले आणि खालचा थोडा जमिनीत पुरला, म्हणजे वर १८-१९ इंच राहिले, बरोबर बसायच्या उंचीला. चिऱ्याची रुंदी नऊ इंच असते त्यामुळे वेगळं बाकडं लागत नाही, आजी काठावरच टेकते, अर्धी वळून काम करते, आणि मग सरकून पुढे. रुंदी चार फूट ठेवली कारण दोन्ही बाजूंनी बसता येतं. प्रत्येक कोपऱ्याला जीआय पाईपचा उलटा यू गाडलाय, उठताना धरायला, हा पाईप फार कामाचा, तो नसेल तर आजी झाडाचा आधार घेते आणि झाडासकट येते. बसायच्या ठिकाणी चिरा खरखरीत लागतो म्हणून वर कडप्पा लावणार होतो, पण पावसात कडप्पा निसरडा होतो, म्हणून रफ शहाबादी लावली.

चिऱ्याला आतून बाहेरून प्लास्टर नाही, खालच्या थरात दर तीन फुटांवर फट ठेवलीय पाणी जायला. आमच्याकडच्या पावसात भरीव हौद म्हणजे तलाव होतो. वाफ्याचं खतही पावसात धुऊन जातं, म्हणून जून ते सप्टेंबर वरून पेंढा किंवा नारळाच्या झावळ्या घालतो आणि मोठं खत गणपतीनंतर.

ताईंना घाटावर चिरा महाग पडेल, तिथे सिमेंटच्या भरीव ब्लॉकचं होईल, पण काळ्या मातीत भिंत बांधणार असाल तर पाया फूटभर खणून मुरूम भरून धुमस करा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात तडा.

---

कराडची_लेक

मापं घेतली! मांडी २२ इंच, कोपर २८ इंच, हात पुढे साधारण २० इंच जातो. म्हणजे दादांच्या हिशोबाने खालची उंची २४ आणि वरचा काठ ३० ना? आईला विचारलं काय लावायचं तर म्हणाली आधी मेथी आणि चाकवत, आणि वांगी, वांग्याशिवाय बाग कसली. आता वांगी ६ इंचात कशी येणार?

आणि तो रस्त्याचा प्रश्न राहिला, मागच्या दाराला नऊ इंचाची पायरी आहे.

---

चाकावरचा_शेतकरी

२४ आणि ३० अगदी बरोबर. हात २० इंच जातोय तर ट्रे २२ इंच रुंद करा, दोन फूट नको, शेवटच्या चार इंचांसाठी रोज पुढे ताणत बसायला नको.

पायरी नऊ इंच म्हणजे रॅम्प नऊ फूट. एका इंचाला एक फूट हा हिशोब धरा. चार फुटात उरकलेले रॅम्प मी बघितलेत, ढकलणाऱ्याची दमछाक आणि उतरताना बसलेल्याला धडकी. कडेला दोन-तीन इंचाची उभी कड द्या म्हणजे चाक खाली जात नाही.

वाट चार फूट रुंद करा आणि वाफ्यासमोर पाच बाय पाच फूट मोकळी जागा, खुर्ची पूर्ण वळायला तेवढी लागते. फरशी गुळगुळीत नको. पेव्हर ब्लॉक चालतात पण खाली मुरूम नीट दाबलेला हवा, एक ब्लॉक खचला की पुढचं छोटं चाक तिथे अडकतं आणि माणूस पुढे फेकला जातो. मला स्वतःला झाडूने रेघा ओढलेलं सिमेंट काँक्रीट सगळ्यात आवडतं, पावसाळ्यात शेवाळ धरलं तर ब्लीचिंग टाकून खराट्याने घासायचं. खडी, वाळू, लॉन, यातलं काहीच वाटेवर नको.

कोल्हापूर तुम्हाला जवळ आहे. तिथली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था, नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली, त्या स्वतः व्हीलचेअरवर. तिथल्या लोकांशी बोलून, परवानगी घेऊन भावाला एकदा रॅम्प आणि वाटा बघून यायला सांगा, कागदावरच्या मापापेक्षा डोळ्याने बघितलेलं गवंड्याला समजावणं सोपं जातं.

वांग्याचं खालचे लोक सांगतील, माझा हात पालेभाजीवर जास्त बसलेला.

---

परसबागेची_काकू

वांग्याचं मी सांगते 🙂

वांगी त्या टेबलावर लावूच नको गं. मातीला खोली कमी हे एक, आणि दुसरं म्हणजे वांग्याचं झाड अडीच-तीन फूट होतं, ३० इंचाच्या टेबलावर लावलंस तर झाड पाच-साडेपाच फुटांवर जाईल, आईला शेंडाही दिसायचा नाही. उंच झाड खालच्या वाफ्यात आणि बुटकी भाजी उंच वाफ्यात असं धर. वाटेच्या कडेने १२-१५ इंच उंचीचा, दीड फूट रुंदीचा लांबट वाफा कर, तळ जमिनीलाच मोकळा, त्यात वांगी, मिरची, टोमॅटो. खुर्ची वाटेवर आडवी लावली की फळं बरोबर हाताच्या उंचीला येतात. वाफा आईच्या उजव्या हाताला येईल अशा बाजूला घे हां, वाट एकेरी असेल तर जाताना उजवीकडे, आणि शेवटी वळून येताना परत उजवीकडे दुसरा. तोडणी काही रोज तासभर नसते, तेवढं वळणं चालतं.

वेल तर सगळ्यात सोपे. दोडका, कारलं, घेवडा जमिनीत लावायचे आणि वाटेच्या कडेला उभी जाळी, साडेचार फुटांच्या वर वेल गेला की शेंडा खुडायचा. फळं जाळीवर छातीसमोर लटकतात. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत असा घेवडा तोडायच्या.

टेबलावर मेथी, कोथिंबीर, चाकवत, पालक, आंबट चुका, माठ, पातीचा कांदा, पुदिना. पुदिना वेगळ्या डब्यात, नाहीतर सगळं टेबल तोच घेईल. धणे रगडायचं काम आईला दे, गोणपाटावर धणे पसरून उजव्या हाताने वरवंटा फिरवला की दोन डाळी सुट्या होतात, रात्रभर भिजवून पेरायचे.

आता माती. गवंडी म्हणतोय ती नुसती काळी माती अजिबात नको. पाणी घातलं की चिखल, वाळली की दगड, आणि वजन केवढं. मी अशी करते: एक भाग पोयटा (गाळाची माती) किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीटची पाच किलोची वीट पाण्यात टाकली की फुगून सत्तर लिटरच्या आसपास होते, ती दोनदा धुऊन पाणी टाकून द्यायचं, त्यात खार असतो. चार फूट लांब ट्रे धरला तर एकूण दीडशे लिटर मिश्रण लागेल, म्हणजे एक वीट भरपूर. दोन मुठी निंबोळी पेंड.

६ इंच माती एप्रिल-मेमध्ये पटकन वाळते, हा उंच वाफ्याचा खरा त्रास आहे. सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी लागतं तेव्हा. वरून उसाचं पाचट बारीक करून पसर, तुमच्याकडे काय कमी आहे का पाचटाला. आणि ड्रिपची एक लाईन टाक, १६ एमएमची, फुटाफुटावर तासाला दोन लिटरचा ड्रिपर. झारी नको, दहा लिटरची झारी म्हणजे दहा किलो वजन एका हातात.

---

ठाण्याचा_गच्चीवाला

मधे घुसतोय, माफ करा. आमच्या सोसायटीत दोन ज्येष्ठ आहेत व्हीलचेअरवर, लिफ्ट गच्चीपर्यंत जाते. कमिटीत विषय काढायचाय की गच्चीवर असे वाफे करू. जांभ्याचे किंवा ब्लॉकचे केले तर चालतील का?

---

बीम_कॉलम

सिव्हिल इंजिनिअर आहे. गच्चीवर ब्लॉकचे किंवा चिऱ्याचे वाफे नको, कृपया.

साधा हिशोब बघा. आपल्याकडच्या मानकात, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीला चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला साधारण १४ किलो. ओली माती एका घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. एक फूट खोल माती भरली की तेवढ्या जागेपुरता धरलेल्या भाराच्या तिप्पट झाला, त्यावर भिंतींचं वजन वेगळं, आणि जोराचा पाऊस झाला आणि पाणी अडलं तर आणखी. वर काकूंनी सांगितलेलं कोकोपीटचं मिश्रण ओलं असताना निम्म्याहून थोडं जास्त भरतं, आणि ६ इंचच खोली असेल तर चौरस फुटाला १५ किलोच्या आसपास होतात, शिवाय मधे वाटा मोकळ्या असतात. तेव्हा टेबलवाला प्रकार आणि हलकी माती, आणि तेही बीमच्या वर किंवा कडेच्या भिंतीजवळ, गच्चीच्या मध्यावर नाही. पायाखाली मोठी प्लेट आणि रबर, नाहीतर वॉटरप्रूफिंग फुटतं. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच, आधी वाफे मग तपासणी असं नको. पाण्याचा पाईप थेट गच्चीच्या आउटलेटपर्यंत न्या.

मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून भाजी पिकवली होती, कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे शेतीचे प्रयोग करणाऱ्यांच्या गटाने, उसाच्या चिपाडावर, पाल्यावर झाडं वाढवायची पद्धत महाराष्ट्रभर रुजवली. गच्चीला तीच दिशा बरी, माती कमी आणि कुजलेला पाला जास्त. कमिटीत वजनाचा मुद्दा कुणीतरी काढणारच, तेव्हा हे आकडे हाताशी ठेवा.

---

लेस्टरहून

इथे इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या अलॉटमेंटवर (भाजी लावायला लोकांना भाड्याने दिलेल्या जागेच्या तुकड्यांवर) बागकाम करणाऱ्या अपंगांसाठी उंच वाफे बघितलेत, बहुतेक लाकडी. आपल्याकडे लाकूड नकोच, वाळवी. पण त्यातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. वाफ्याच्या काठाला पांढरा किंवा पिवळा पट्टा मारतात, वयाने नजर कमी झालेल्यांना काठ कुठे संपतो ते दिसतं. आणि वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर सावलीत बसायची जागा असते, म्हणजे सोबत येणारं माणूसही थांबतं. नाहीतर खुर्ची लावून देऊन सगळे घरात जातात आणि मग हाक मारत बसावं लागतं. आईंच्या शेजारी एक साधं स्टूल ठेवाच, आणि खुर्चीला एक घंटी.

---

कराडची_लेक

सगळ्यांचे किती आभार मानू. भावाने हे सगळं वाचलं आणि गवंड्याला फक्त रॅम्प आणि वाटेचं काम दिलं, टेबल गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडे. चार फूट लांब, २२ इंच रुंद, खाली २४, वर ३०, तळ मागे तिरका, पुढे फळी, मागे पाईप. काकू, वांग्याचा वाफा वाटेच्या दोन्ही कडांना घेतोय, जाता-येता उजवा हात. शेततळ्याचा कागद चुलतभावाकडे निघाला.

एकच शंका. पावसाळा तोंडावर आहे, आत्ताच करून घ्यावं का दसऱ्यापर्यंत थांबावं? आई म्हणते थांबायचं नाही.

---

परसबागेची_काकू

काँक्रीटची वाट आणि रॅम्प पावसाच्या आधी उरकून घ्या, त्याला पाणी मारायला आठवडा तरी हवा. टेबल आलं की लगेच भरा. मेथी मात्र भर पावसात सडते, तेव्हा आत्ता माठ आणि चुका लाव, आणि शेडनेटच्या वर पावसापुरता प्लॅस्टिकचा कागद टाका, उतार मागे. मेथी-चाकवत गणपती झाले की. वांग्याची रोपं आईलाच करू दे, गादीवाफा त्या टेबलाच्या एका कोपऱ्यात, महिनाभरात लावायला येतील.

---

चाकावरचा_शेतकरी

फॅब्रिकेशनवाल्याने वेल्डिंग पक्कं करायच्या आधी आईंना खुर्चीसकट तिथे नेता येत असेल तर न्या, नाहीतर त्यालाच नुसती फ्रेम घेऊन घरी बोलवा. रिकाम्या फ्रेमखाली खुर्ची घालून बघा, गुडघे, फूटरेस्ट, हँडरेस्ट, तिन्ही. हँडरेस्ट बऱ्याचदा पुढच्या अँगलला अडतो आणि खुर्ची आत जातच नाही. आईंच्या खुर्चीचा निघणारा असेल तर उजवा काढून ठेवायचा, डावा राहू द्यायचा, तोलाला, फक्त तो अडत असेल तर त्याच्यापुरती पुढच्या अँगलला खाच घ्यायची. निघणारा नसेल तर पाय खालून वाढवण्यापेक्षा पुढच्या अँगलला हँडरेस्टच्या जागी खाच घ्यायला सांगा, म्हणजे काठ ३० वरच राहील.

---

कराडची_लेक

हँडरेस्ट निघतो, आत्ताच बघितलं. शनिवारी तो फ्रेम घेऊन येतोय, आईला सांगितलं तर माठाचं बी कुठल्या डब्यात आहे ते तिने वहिनीला आत्ताच शोधायला लावलंय.